दार कुठून आणलंत?

दिवाळी अंकांची जुळवाजुळव ऐन पावसात सुरू होते. त्यामुळे फोन आला तेव्हा पत्र्यावर असा मारा चालला होता की पलीकडचं निम्मं बोलणं कळलंच नाही. कळलं ते एवढं: वेगवेगळ्या शहरांतले इंटिरियर डिझायनर आपापल्या शहरातल्या आवडत्या पाच जागा सांगणार, प्रत्येक जागेला शंभर शब्द आणि एक फोटो. रत्नागिरीसाठी माझं नाव कुणीतरी सुचवलं होतं. "एखादा कॅफे, एखादं जुन्या वस्तूंचं दुकान, छानसा होमस्टे, असं काहीतरी द्या मॅडम. वाचक वीकेंडला येतील तेव्हा त्यांना जाता आलं पाहिजे." मी हो म्हटलं. आमच्या धंद्यात नाव छापून आलं की दोन कामं जास्त येतात, उगाच सोवळेपणा कशाला करायचा?

तीन आठवडे झाले तरी यादी मात्र होईना. कारण अशी यादी मी पूर्वी एकदा केली आहे आणि तिचं पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे.

तेव्हा मी नवीन होते, हौस दांडगी होती. राजापूर तालुक्यातल्या एका घराच्या पुढच्या दाराबद्दल मी भरभरून लिहिलं, फोटोसकट. फणसाच्या लाकडाचं दार. मूळचा पिवळा रंग धुरानं आणि माणसांच्या हातांनी काळपट तपकिरी झालेला. चौकटीच्या माथ्यावर मधोमध कमळ, दोन्ही बाजूंना वेल. डावीकडची वेल शेवटाशेवटाला जरा घाईत कोरलेली, बहुधा पाऊस तोंडावर आला असावा. आतून लाकडी आडणा, भिंतीतल्या खोबणीत सरकणारा. आणि कडीची साखळी जिथं लोंबायची, तिथं तिच्या झोक्यानं लाकडात अर्धगोल चर पडलेला. मी गावाचं नाव लिहिलं, घर कुठल्या वाडीत आहे तेही लिहिलं. पुढच्या मे महिन्यात एका गिऱ्हाइकाला ते दार दाखवायला घेऊन गेले, तर तिथं फ्लश डोअर, त्याला सनमायका, त्यावर सूर्यास्ताचं चित्र. घरचे आजोबा ओटीवर बसले होते. त्यांना कसलंच वाईट वाटलेलं नव्हतं. उलट त्यांनी माझे आभार मानले. "टेम्पो घेऊन आले होते दोघे. मोबाइलवर तुमचाच फोटो दाखवला, हेच ना म्हणाले. अठरा हजार दिले रोख. शिवाय हे नवं दार त्यांनीच बसवून दिलं."

पुढे दोनेक वर्षांनी किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसले. टेबलावर जाड काच, काचेखाली आडवं पाडलेलं जुनं दार. तेच दार होतं असं मी म्हणत नाही. पण कडी तशीच ठेवली होती आणि काच तिच्यापुरती कापली होती, त्यामुळे सोलकढीची वाटी काही केल्या नीट टेकत नव्हती.

तेव्हापासून माझं मत झालं आहे की डिझायनरनं आपली आवड जाहीर करणं ही खाजगी बाब नाही. पर्यटकाला एखादी जागा आवडली तर तो फोटो काढतो, कोकम सरबत पितो आणि निघून जातो. आम्हाला काही आवडलं की गिऱ्हाइकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठं मिळेल, केवढ्याला, आणि माझ्या बंगल्यात बसेल का? आमची आवड शेवटी बिलात उतरते. त्यातून कोकणपट्टीत सध्या बिलं फाडणारे पुष्कळ. २०२० मध्ये मुंबई-मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि अलिबागचं घर गाडीसकट तासा-दीड तासावर आलं. तिथल्या वाड्यांमध्ये जे आवडायला लागतं ते वर्षा-दोन वर्षांत दापोली-गुहागर करत आमच्यापर्यंत पोचतं, आणि पुढे मालवण-वेंगुर्ल्याला. आवडीचा हा प्रवास हायवेच्या कामापेक्षा नक्कीच जलद आहे.

आताची सगळ्यात मोठी आवड म्हणजे उघडा चिरा. माझ्या लहानपणी चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून वर पिस्ता किंवा आकाशी रंग दिला की घर सुधारलं असं म्हणत. आता तोच गिलावा छिन्नीनं उडवायची मजुरी मी लोकांकडून घेते. ज्यांचं घर काँक्रीटचं आहे ते चिऱ्याचे पातळ काप करून भिंतीला चिकटवून घेतात. मीही ते केलं आहे, चार ठिकाणी. दिसतं सुंदर, त्यात खोटं काही नाही.

पण चिरा कुठून येतो? चिरा म्हणजे जांभा. १८०० च्या सुमारास फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या सर्वेक्षकानं केरळात पाहिलं की हा दगड जमिनीत असताना मऊ असतो, विटेसारखा कापता येतो आणि वारा लागला की कडक होतो. म्हणून १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट म्हटलं. आमच्याकडे तो निघतो सड्यावर. गाव उतारावर, शेती खाली, आणि वर हा सपाट उघडा कातळ. त्यावर नांगर चालत नाही, म्हणून कागदोपत्री सडा म्हणजे पडीक. पावसाळ्यात त्याच पडीक कातळावर निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा पसरतो आणि खळग्यांत साठलेलं पाणी मुरत मुरत खालच्या विहिरींना जातं. चिरेखाण सुरू झाली की दातेरी चाकाचं यंत्र सडा चौकोनी वडीसारखा कापत खाली जातं. खाण बंद झाली की उरतो तो सरळ भिंतींचा प्रचंड खड्डा.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरूण, चवे, देवाचे गोठणे, बारसू, रुंढेतळी, कशेळी. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची किती तरी चित्रं कोरलेली आहेत. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी ती कोरली त्यांचं साहित्य तेच, जे आज मी चौरस फुटाच्या दरानं लावते. २०२२ मध्ये यांतली बहुतेक शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. कापणाऱ्या यंत्राला आणि ते चालवणाऱ्याला हत्ती कुठं संपतो नि बांधकामाचा माल कुठं सुरू होतो हे कसं कळावं? कुणीतरी तिथं जाऊन दाखवलं असेल तरच.

इथं माझ्याच म्हणण्याला एक खोडा आहे आणि तो मला मान्य करायला हवा. कातळशिल्पं वाचली ती बोभाटा झाल्यामुळे. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घातले, गावकऱ्यांशी बोलले, जागा जाहीर केल्या. ते गप्प बसले असते तर त्यातली किती शिल्पं आज कुणाच्या कंपाउंडच्या भिंतीत असती कोण जाणे. म्हणजे सांगणं वाईट, असं मला म्हणताच येत नाही. फरक आहे तो सांगण्याच्या रीतीत. त्यांनी जागा सांगितली ती तिथल्या लोकांना आधी, तिचं महत्त्व समजावून. जमीनमालकाला सोबत घेऊन, दगडाचं कडं रचून. मी दार सांगितलं ते टेम्पोवाल्याला. मालकाला त्यातलं काहीच सांगितलं नाही. त्या आजोबांना मी एकदाही म्हटलं नव्हतं की काका, असं दार आज नव्यानं करायचं तर किती खर्च येईल ठाऊक आहे का?

जुनं ते सोनं म्हणत गळा काढणाऱ्यांतही मला बसायचं नाही. कोकणातलं जुनं घर ठेवायचं म्हणजे काय, हे सुट्टीला येणाऱ्यांना कळत नाही. एका चाकरमान्यानं मला संगमेश्वराकडचं घर दाखवलं आणि म्हणाला, सगळं आजीच्या वेळेसारखं पाहिजे, जमीनसुद्धा शेणानं सारवलेली. त्याची काकू तिथं बारा महिने राहते. ती मागच्या दारातून ऐकत होती. "सारवायला तू येणार का रे दर आठवड्याला? येणार असशील तर ठेव. नाहीतर मला टाइल्स घालून दे, आणि न्हाणीत कडप्पा." मी काकूचं ऐकलं. माजघरात साधा लाल कोबा केला, घोटून गुळगुळीत. पुतण्या अजून नाराज आहे.

शिवाय सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यातली चौदा मुंबईत, दोन बडोद्याला, एक कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही. घर शाकारायचं कुणी आणि पैसे द्यायचे कुणी? वासा मोडला की छपराचं एक पाख बसतं, एका पावसात मातीची भिंत फुगते, दुसऱ्या पावसात वाळवी आत शिरते. अशा वेळी दाराचे अठरा हजार घेणाऱ्याला नावं ठेवायला मला तोंड नाही. विकणारा चूक नाही. विकत घेणाऱ्याला जे सांगायला हवं ते न सांगणारे आम्ही, मधले लोक, चूक आहोत.

आणि 'अस्सल कोकणी' या शब्दाचीही जरा झाडाझडती घ्यायला हवी, कारण आमच्या धंद्यात तो पैशाला पासरी झाला आहे. मंगलोरी कौलं घ्या. प्रत्येक ब्रोशरमध्ये ती कोकणची ओळख म्हणून असतात. पण मंगळुरात बासेल मिशनच्या जर्मन-स्विस पाद्र्यांनी कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये, आणि ती कौलं समुद्रमार्गे आमच्या बंदरांत उतरली तेव्हा त्यांनी गावठी नळ्यांना आणि गवताच्या छपरांना हटवलं. त्या काळच्या म्हाताऱ्यांनी नक्कीच नाकं मुरडली असतील. थिबा राजवाडा घ्या. ब्रह्मदेशाचा राजा १८८५ मध्ये पदच्युत होतो, त्याला रत्नागिरीत आणून ठेवतात, इंग्रज त्याच्यासाठी १९१० मध्ये हा वाडा पुरा करतात, आणि १९१६ मध्ये तो इथंच मरतो. चिरा आमचा, राजा तिथला, हुकूम लंडनचा. तरी त्या अर्धगोल नक्षीदार लाकडी खिडक्यांसमोर उभं राहून खाडीवरून येणारा वारा अंगावर घ्या आणि मग सांगा ही वास्तू इथली नाही म्हणून. अस्सलपणा वस्तूच्या जन्मगावात नसतो. इथला वारा, इथला पाऊस तिला कळतो की नाही, यात असतो.

पाऊस न कळण्याचं उदाहरण म्हणजे पुन्हा तोच उघडा चिरा. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तोही सरळ नाही, नैर्ऋत्येकडून आडवा. चिरा पाणी पितो. म्हणून जुन्या गवंड्यानं भिंतीपासून हात-दोन हात पुढे येणारी पाखं काढली, त्याखाली पडवी घातली, आणि तरीही समुद्राकडच्या भिंतीला मे अखेरीस माडाच्या झापांची झड बांधली. पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. आता आम्ही काय करतो? पाखं कापून घराचा खोका करतो, कारण फोटोत रेषा स्वच्छ दिसते, आणि चिरा मात्र 'पारंपरिक' म्हणून उघडा ठेवतो. दुसऱ्या जुलैला आतल्या भिंतीवर नकाशे उमटतात. गिऱ्हाईक फोन करतं. मग आम्ही कुठलंसं पारदर्शक रसायन लावून देतो, ते तीन वर्षं टिकतं. चिऱ्याची आवड सांगितली आणि पाखाची सांगितली नाही, तर अर्धीच गोष्ट सांगितली. अशी अर्धी गोष्ट घर गळवते.

कौलांचंही तसंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कौलं उडाली, पत्रेही उडाले. त्यानंतर लोकांनी झपाट्यानं रंगीत पत्रे घातले. बाहेरून येणारे हळहळतात, काय हो तुम्ही कौलं काढलीत! पण पत्रा घालण्याचं दुसरं कारण कुठल्याही मासिकात छापून येत नाही: माकडं. टोळी छपरावरून एकदा पळत गेली की वीस-पंचवीस कौलं फुटतात, आणि कौलं परतायला माणूस मिळत नाही. ज्याला कौलारू घर आवडतं त्यानं माकडांवरचा उपाय आणि कौलं परतणाऱ्याचा फोन नंबर या दोन गोष्टी आधी काढून ठेवाव्यात. मी पत्र्यावर कौलं पांघरते, खाली पत्रा, वर पट्ट्या, त्यावर कौलं. शुद्धतावाद्यांना चालत नाही. माकडांनी फोडलं तरी घर गळत नाही, तेवढं मला पुरे.

तर मग आवड सांगायची कशी? माझी मागणी मोठी नाही. जुनं दार, खांब, तुळई, पेटारा वापरला, तर तो कुठल्या तालुक्यातून आला, कुठल्या लाकडाचा आहे, घर पडल्यावर आला की उभ्या घरातून उपटला, हे मालकानं आणि डिझायनरनं सांगावं. हॉटेलात मासळी कुठल्या बंदरातली आहे ते अभिमानानं फळ्यावर लिहितात, मग दाराचं गाव का लपवायचं? लपवायचं कारण एकच असू शकतं. आणि गिऱ्हाइकांनीही विचारावं. जेवायला बसलं की सरळ विचारायचं, दार कुठून आणलंत? उत्तर द्यायची लाज वाटायला लागली की निम्मा व्यापार सुधारेल. घर पाडायचंच असेल तर पाडण्याआधी कुणीतरी टेप घेऊन दोन दिवस त्यात घालवावेत, मापं घ्यावीत, चौकटीचा सांधा कसा आहे ते काढून ठेवावं. वस्तू गेली तरी चालेल, करण्याची रीत कागदावर तरी राहील.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: वस्तूच्या जागी हात दाखवावा. अठरा हजारांत जुनं दार मिळतं म्हणून नवं कुणी करून घेत नाही. फणसाचं नक्षीचं दार करायला चांगल्या सुताराला महिनाभर लागतो. त्याची मजुरी सांगितली की लोक म्हणतात, एवढ्यात तर ओरिजिनल येतं. या 'ओरिजिनल'नं सुताराचा धंदा बसवला. आमच्या सुतारांचा मुलगा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतो. त्याचा हात वडिलांइतकाच सुबक आहे, पण त्याला कमळ कोरता येत नाही, आणि शिकायची गरज त्याला कधी कुणी लावली नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, जगली ती परशुराम गंगावणे यांच्यासारख्यांनी ती करत राहिल्यामुळे, शिकवत राहिल्यामुळे. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती पेटीत जपलेल्या जुन्या पोथ्यांसाठी नाही. सुतारकामाला असं कुणी भेटेल की नाही, हे निदान काही अंशी आम्ही कुणाकडे बोट दाखवतो यावर आहे.

शेवटी मी यादी केली. थिबा राजवाडा घेतला, खिडक्यांसाठी. पतितपावन मंदिर घेतलं. संपादकांना ते कोड्यात टाकणारं वाटलं असणार, कारण त्यात बघण्यासारखी नक्षी वगैरे नाही. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांनी सावरकरांच्या प्रेरणेनं ते बांधलं, सगळ्या जातींना खुलं. कीर स्वतः बांधकामातलेच, ठेकेदार. जागेचा आराखडा म्हणजे सगळ्यात आधी आत कुणाला येता येतं याचा निर्णय, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, त्या देवळानं शिकवलं. जिल्हा नगर वाचनालय घेतलं, १८२८ पासूनचं, कारण काही विकत न घेता बसता येईल अशा जागा आता मोजक्या राहिल्या आहेत आणि आवडीच्या याद्यांमध्ये त्या कधीच नसतात. मिरकरवाडा बंदर घेतलं, होड्यांच्या डागडुजीसाठी. फळीला फळी अशी बसवतात की पाणी आत येत नाही. आमच्या वॉर्डरोबच्या दारांना ते जमत नाही. आणि पाचवी जागा सुतारांची शेड, हातखंब्याच्या वाटेवर. काजूच्या टरफलांच्या तेलाचा उग्र वास, कोपऱ्यात फणसाचे ओंडके वाळत ठेवलेले, त्यांवर खडूनं साल लिहिलेलं. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनं दिली. ऑर्डर असेल तरच या, बघायला म्हणून येऊ नका, असं लिहा, हेही त्यांनीच सांगितलं.

दोन दिवसांनी फोन आला. राजवाडा चालेल, बंदराचा फोटो सूर्यास्ताचा मिळेल का, देवळाचं बघू. "पण मॅडम, ते सुतारांचं... तिथं बसायला वगैरे काय आहे?"

एक बाक आहे, म्हटलं. तेही दुरुस्तीला आलेलं.